आधीची स्थिती

त्या फॉर्ममध्ये एकूण सत्तेचाळीस रकाने होते आणि त्यांतल्या एकतिसांवर लाल चांदणी होती. लाल चांदणी म्हणजे हा रकाना भरल्याशिवाय गाडी पुढे सरकणार नाही. नाव, गाव, वय, मोबाइल, केंद्राने दिलेलं तंत्रज्ञान, आणि मग दोन मोठे चौकोन: ‘लाभार्थीची आधीची स्थिती’ आणि ‘लाभार्थीची सध्याची स्थिती’. बायनाबाईंचा फॉर्म भरताना सुकन्या पहिल्या चौकोनापाशी पाऊण तास अडून बसली होती. तिने तो रिकामा सोडून पाहिला, चौकोन लाल झाला. नुसतं टिंब टाकून पाहिलं, ‘अपुरी माहिती’ असं उत्तर आलं. शेवटी कार्यालय बंद व्हायची वेळ झाली, शिपाई पंखे बंद करत तिच्या टेबलापर्यंत आला, तेव्हा तिने घाईघाईत टाइप केलं: ‘शास्त्रीय माहितीचा अभाव’. फॉर्म लगेच गेला. हिरवी खूण आली, खाली ‘अभिनंदन’ असंही आलं. पुढचं सगळं रामायण त्या तीन शब्दांनी घडवलं.

सुकन्या नेकनूरची. मृदाशास्त्रात एम.एस्सी. झालेली, वय अठ्ठावीस. विद्यापीठाच्या बीडजवळच्या संशोधन केंद्रात तिचं पद होतं ‘संशोधन साहाय्य, विज्ञान संवाद व प्रभाव अधिकारी’. पद एवढं लांबलचक की ओळखपत्रावर ते दोन ओळींत बसवावं लागलं होतं आणि तिसऱ्या ओळीत बारीक अक्षरात ‘कंत्राटी, अकरा महिने’. अकरा महिने संपले की एक दिवस घरी बसायचं आणि पुन्हा अकरा महिने, असं तीनदा झालं होतं. काम म्हणाल तर पडेल ते. शास्त्रज्ञांचे प्रस्ताव लिहून द्यायचे, प्रयोगाच्या नोंदी ठेवायच्या, पोस्टर करायचं, बातमी पाठवायची, पाहुणे आले की सूत्रसंचालन करायचं आणि कुठली शाल कुणाच्या हातून कुणाच्या खांद्यावर जाणार याची यादी सांभाळायची. तिचे वडील धोंडीराम, ज्यांना ती आप्पा म्हणायची, नेकनूरच्या बस स्टँडवर भेटेल त्याला सांगत, आमची सुकन्या शास्त्रज्ञांचं म्हणनं लोकांला समजून सांगती. ती त्यात भर घालायची, की लोकांचं म्हणणं शास्त्रज्ञांनाही समजावून सांगते. हा दुसरा अर्धा भाग नेमणूकपत्रात कुठेच नव्हता, हे तिच्या फार उशिरा लक्षात आलं.

बायनाबाई मेंढपाळ. साठीच्या पुढच्या, तीनशे मेंढरं, एक घोडं, मुलगा आणि सून. उन्हाळ्यात रानं रिकामी झाली की शेतकरी आपल्या शेतात मेंढरं बसवून घेतात. संध्याकाळी वाघर लावायची, म्हणजे कळपाभोवती जाळी. रात्रभर मेंढरं त्या तुकड्यात लेंडी-मूत टाकतात, आणि ठरलेल्या रात्री झाल्या की वाघर पुढच्या तुकड्यात सरकवायची. बदल्यात शेतकरी ज्वारी देतो आणि विहिरीचं पाणी देतो. किती रात्री बसवायचं, यात सगळी कला. कमी बसवली तर रान उपाशी राहतं, जास्त बसवली आणि पावसाने ओढ दिली तर पीक जळून जातं. बायनाबाई हे पायाने ठरवत. सकाळी मेंढरं उठली की चपला काढून त्या तुकड्यातून चालत, दोन-तीन ठिकाणी टाचेने दाबून पाहत आणि सांगत, ‘अजून एक रात’ किंवा ‘झालं, उचला’.

हे पहिल्यांदा पाहिलं सुकन्याने आणि केंद्रप्रमुख डॉ. शिवशंकर सरांना जाऊन सांगितलंही तिनेच. सर हुशार माणूस. त्यांनी लगेच प्रयोग बांधला. तीन उन्हाळे सुकन्या निळ्या पुठ्ठ्याची वही घेऊन बायनाबाईंच्या मागे फिरली. वहीत दोन रकाने. डावीकडे ‘बायनाबाईंचा अंदाज’, त्याच सकाळी, तारीख घालून लिहिलेला. उजवीकडे महिन्याभराने येणारा प्रयोगशाळेचा निकाल. बावीस तुकड्यांपैकी एकोणीस ठिकाणी दोन्ही जुळले. उरलेल्या तीनपैकी एका ठिकाणी प्रयोगशाळेतच मातीच्या बाटल्यांची अदलाबदल झाल्याचं निघालं. म्हणजे खरं तर वीस. सुकन्याला त्या दिवशी जेवण गेलं नव्हतं, इतका आनंद झाला होता.

मग त्या डाव्या रकान्याला हळूहळू उतरती कळा लागली. पहिल्या अहवालात तो ‘स्थानिक जाणकारांचे निरीक्षण’ झाला. शोधनिबंधात ‘प्राथमिक निरीक्षण’ झाला. आणि शेवटी जे रंगीत पोस्टर छापून गावोगाव लागलं, त्यात रकानाच नव्हता. ‘केंद्राने विकसित केलेले मेंढीखत कोष्टक’ असं मोठ्या अक्षरात मथळा आणि खाली तीन ओळी: हलकी जमीन चार रात्री, मध्यम तीन, काळी दोन. सुकन्याने चौथी ओळ घातली होती, ‘हे प्रमाण तीनशे मेंढरांच्या एका वाघरीसाठी आहे’. पण ऐनवेळी मान्यवरांच्या फोटोंची संख्या चारवरून सातवर गेली आणि जागा पुरेना. फोटो काढता येईनात. ओळ काढता आली.

पुढे ‘प्रभाव’ दाखवायची वेळ आली. नांदूरघाटला प्रशिक्षण झालं, त्यात अकराशे सह्या झाल्या. सह्या करणाऱ्यांतल्या निम्म्यांनी जन्मात मेंढरू राखलं नव्हतं, पण जेवण चांगलं होतं. आता नमुन्यादाखल एक व्हिडिओ हवा होता. सुकन्याने बायनाबाईंना बाभळीखाली बसवलं आणि म्हणाली, “मावशी, एवढंच म्हणायचं. आधी आम्हाला काही माहीत नव्हतं, केंद्रानं शिकवलं.”

बायनाबाईंनी थोडा विचार केला. “त्यानं तुजं काम व्हतंय का?”

“होतंय मावशी.”

“मंग म्हन्ते की. पाव्हनं घरी आल्यावर त्याचं मन कावून मोडावं?”

पहिल्यांदा वाऱ्याचा आवाज आला म्हणून त्या बिचारीने तेच पुन्हा एकदा म्हटलं, पहिल्यापेक्षा ठसक्यात.

*

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात बायनाबाईंचा फोन आला, सुनेच्या मोबाइलवरून. “सुकनाबाई, मालकानं औंदा न्हाई म्हनलं.” एवढंच. मालक म्हणजे नांदूरघाटचे विठ्ठलराव. तीस एकर रान, बारमाही विहीर, गावच्या राजकारणात वजन. बायनाबाईंचा कळप गेली बावीस वर्षं चैत्र-वैशाख त्यांच्याच रानात काढत होता. त्या दोन महिन्यांचं पाणी म्हणजे कळपाचा जीव. बाकी दहा महिने कुठेही निभतं.

सुकन्या रजा टाकून बसने गेली. कळप सडकेच्या कडेला मुरमाड जागेत उभा होता. उन्हात मेंढरं एकमेकींच्या पोटाखाली डोकी खुपसून गोल करून उभी होती, आणि त्या गोलातून नुसता धापांचा आवाज येत होता. पाणी दोन किलोमीटरवर, एका ढाब्याच्या हौदावर, तेही ढाबेवाल्याच्या मर्जीने. चार कोकरं दोन दिवसांत गेली होती. बायनाबाईंनी तीन दगडांवर काळा चहा ठेवला.

“कावून आलीस एवढ्या उनाचं? फोनवर सांगितलं न्हवं का.”

“विठ्ठलराव काय म्हणाले मावशी? नीट सांगा.”

“काय म्हन्त्याल. त्येंचं रान, त्येंची मर्जी. म्हनले, आता केंद्राचा तक्ता हाय, सर्टिफिकिटवाला मेंढपाळ बोलावलाय, तुमची गरज न्हाई.” त्यांनी चहा गाळून दिला आणि अगदी मनापासून विचारलं, “तुजं काम झालं न्हवं त्या व्हिडोनं?”

सुकन्याने चहा तसाच खाली ठेवला. या बाईने शिवी दिली असती तर बरं झालं असतं. पण ती रागावलेली नव्हती, तिला खरोखरच ते जाणून घ्यायचं होतं.

तशीच ती विठ्ठलरावांकडे गेली. ते ओसरीवर खुर्चीत बसले होते आणि त्यांच्या डोक्यावर प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र काचेच्या चौकटीत टांगलेलं होतं, खुद्द सुकन्याने नावं घालून छापून घेतलेलं. माणूस वाईट नव्हता. त्यांनी तिला पाणी दिलं, खुर्ची दिली, आणि मग खिशातून मोबाइल काढून तिच्यापुढे धरला. व्हिडिओ चालू झाला. बाभूळ, बायनाबाई, ‘आधी आमाला काय बी म्हाईत नव्हतं’.

“काका, ते खरं नाही,” सुकन्या म्हणाली.

“मॅडम, ही बाई कोन हाय? बायनाबाईच ना? आन् ह्यो मागून ‘परत एकदा म्हणा मावशी’ म्हन्तोय त्यो आवाज कुनाचा?” आवाज तिचाच होता. “बावीस वर्सं ह्या बाईच्या शब्दावर मी रान सोपवलं. ती म्हनली दोन राती, मी दोन म्हनलं. आन् आता ती सोताच सांगती की काय म्हाईत नव्हतं. म्हंजी बावीस वर्सं आंधळ्यावानी चालू व्हतं का? आमाला बी शेती करायचीय मॅडम. इद्यापीठानं शास्त्र दिलंय तर शास्त्रानं करताव. सहाशे मेंढराचा कळप येतोय, काळ्या रानात दोन राती, पोस्टरावर लिव्हलंय तसं.”

“सहाशे?” सुकन्याने विचारलं. “काका, ते तीनशेचं प्रमाण आहे.”

“कुठं लिव्हलंय?”

पोस्टर ओसरीच्या भिंतीवरच होतं. सात मान्यवर हसत होते. तीनशे कुठेच लिहिलेलं नव्हतं.

परत येताना बसच्या खिडकीशी बसून ती इतकी संतापली होती की शेजारच्या बाईने तिला बरं नाही का असं विचारलं. संताप कुणावर करावा हेच ठरत नव्हतं. विठ्ठलरावांवर करावा तर ते केंद्राच्या शब्दावर विश्वास ठेवून चालले होते. बायनाबाईंवर तर प्रश्नच नाही. फॉर्मवर करावा तर तो फॉर्म. उरलं कोण, तर फॉर्म भरणारी. पण फॉर्म भरायला लावणारा एक माणूस वातानुकूलित खोलीत बसला होता, आणि दुसऱ्या दिवशी साडेदहाला ती त्याच्यासमोर उभी राहिली.

*

डॉ. शिवशंकर सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ऐकून घेणं त्यांना छान जमायचं.

“तुझं म्हणणं काय आहे नेमकं?”

“दोन ओळींचं पत्र द्या सर, विठ्ठलरावांच्या नावाने. कोष्टक बायनाबाईंच्या अंदाजावरून तयार झालं आहे, आणि ते तीनशे मेंढरांसाठी आहे. तेवढं पुरेल. ते त्यांना परत जागा देतील.”

“गुरुवारी मूल्यांकन समिती येतेय. त्यानंतर बघू.”

“गुरुवारपर्यंत कळपाला पाणी नाही सर.”

“सुकन्या, समितीच्या दोन दिवस आधी मी लेखी देऊ की आमचं तंत्रज्ञान आमचं नाही?” ते हसले. “हे बघ. ज्ञान कुणाचं, हा भावनिक प्रश्न आहे. ते किती जणांपर्यंत पोचलं, हा प्रभावाचा प्रश्न आहे. आणि तुझं पद प्रभावाचं आहे.”

“मग बायनाबाईंचं नाव तरी पोस्टरवर...”

“नाव कुठे टाकणार? फॉर्ममध्ये तज्ज्ञ आहेत आणि लाभार्थी आहेत. तिसरा रकाना नाही. बाई तज्ज्ञ नाहीत, त्यांच्याकडे पदवी नाही. म्हणजे त्या लाभार्थी.” त्यांनी कॅलेंडरकडे पाहिलं. “तीस तारखेला तुझं कंत्राट संपतंय ना? नूतनीकरणाची शिफारस मी लिहून ठेवलीय. गुरुवारचा कार्यक्रम विठ्ठलरावांच्याच शेतात आहे. बायनाबाईंना आदर्श लाभार्थी म्हणून शाल-श्रीफळ द्यायचं आहे. गाडी पाठव त्यांना.”

आदर्श लाभार्थी. ज्या रानातून बाईला हाकललं, त्याच रानात बोलावून तिच्या खांद्यावर शाल टाकायची आणि वर गाडी पाठवायची. सुकन्या बाहेर आली, कपाटातून निळी वही काढली आणि पिशवीत टाकली. वही ही केंद्राची मालमत्ता आहे हे तिला ठाऊक होतं. त्यात अक्षर तिचं होतं आणि अक्कल बायनाबाईंची होती, केंद्राचा होता तो फक्त पुठ्ठा.

*

गुरुवारी विठ्ठलरावांच्या शेतात मांडव पडला. कूलर आले, सतरंज्या आल्या, फलक आला. मांडवामागे काळ्या रानाचा तुकडा होता, त्यात सहाशे मेंढरं दोन रात्री बसून त्याच सकाळी पुढे सरकली होती, कोष्टकाबरहुकूम. उग्र वास मांडवापर्यंत येत होता आणि पाहुणे रुमालाने वारा घेतोय असं दाखवत नाकावर रुमाल धरत होते.

पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांना कागद चिकटवले होते. ‘अध्यक्ष’, ‘समिती’, ‘केंद्रप्रमुख’, आणि अगदी कडेच्या खुर्चीला ‘लाभार्थी’. त्या खुर्चीत बायनाबाई अंग चोरून बसल्या होत्या, सुनेचं ठेवणीतलं लुगडं नेसून.

सत्कार एक तास दहा मिनिटं चालले. समितीच्या अध्यक्ष सत्यशीला मॅडम बाहेरच्या विद्यापीठातून आल्या होत्या. त्यांनी तीनदा घड्याळ पाहिलं आणि एकदा चक्क विचारलं, “संशोधनाबद्दल कधी बोलणार आहात?” सरांनी लगबगीने सुकन्याला खूण केली. आता आदर्श लाभार्थीचा परिचय आणि सत्कार, मग सरांचं सादरीकरण.

सुकन्याने परिचयाचा कागद बाजूला ठेवला आणि वही उघडली.

“नऊ एप्रिल, तुकडा पहिला, विठ्ठलरावांचं काळं रान,” तिने माइकवर वाचायला सुरुवात केली. “बायनाबाईंचा अंदाज, दोन रात्री. प्रयोगशाळेचा निकाल एकोणीस मे रोजी आला, दोन रात्री. तुकडा दुसरा, बरड, हलकं रान. बायनाबाईंचा अंदाज, चार रात्री. निकाल, चार रात्री. तुकडा तिसरा...”

सातव्या तुकड्यापर्यंत ती पोचली तेव्हा सर हसतमुखाने उठून तिच्याजवळ आले आणि दुसरा माइक हातात घेतला. “आमची सुकन्या जरा भावनाप्रधान आहे,” ते म्हणाले. मांडवात हशा पिकला. “स्थानिक सहभागाचा आम्ही नेहमीच आदर केला आहे. तर आता...”

“थांबा,” सत्यशीला मॅडम म्हणाल्या. “बाईंनाच विचारू या. आजी, किती रात्री मेंढरं बसवायची, हे तुम्हाला कुणी शिकवलं?”

बायनाबाई उभ्या राहिल्या. त्यांनी विठ्ठलरावांकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि मग बराच वेळ सुकन्याकडे. पोरीचा चेहरा लाल झाला होता. साहेब तिच्यावर नाराज झालेत आणि तिच्या नोकरीवर आलंय, एवढं बायनाबाईंना कळलं. बाकी सगळं त्यांच्या दृष्टीने बिनमहत्त्वाचं होतं.

“ह्या लेकरानं शिकिवलं,” त्या म्हणाल्या. “आमाला काय बी म्हाईत नव्हतं. लई गुनाची पोरगी हाय साहेब, तिला कामावरून काढू नका.”

टाळ्या पडल्या. कॅमेरावाल्याने अंगठा वर केला. सरांनी तर हात जोडले.

सुकन्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या बाईची जागा गेली, पाणी गेलं, कोकरं गेली, आणि उरलेली एकच गोष्ट तिने आत्ता या सगळ्यांसमोर उचलून सुकन्याच्या ओंजळीत टाकली होती, तिची नोकरी वाचावी म्हणून. सुकन्या व्यासपीठावरून खाली उतरली. ‘लाभार्थी’ लिहिलेली खुर्ची रिकामी होती. ती त्या खुर्चीत बसली, माइक हातात घट्ट धरून.

“फॉर्म चुकीचा भरला गेलाय, तो दुरुस्त करते,” ती म्हणाली. “लाभार्थीचं नाव, सुकन्या धोंडीराम. गाव नेकनूर. शिक्षण एम.एस्सी. मृदाशास्त्र. लाभार्थीची आधीची स्थिती, शास्त्रीय माहितीचा अभाव. मला माती बाटलीत भरता येत होती, मातीवरून चालता येत नव्हतं. शिकवणाऱ्या तज्ज्ञांचं नाव, बायनाबाई. मला त्यांनी शिकवलं आणि सरांना मी सांगितलं, म्हणजे सरांनाही त्यांनीच शिकवलं. आधी काही माहीत नव्हतं असं त्या व्हिडिओत म्हणाल्या, ते मी म्हणायला लावलं. आत्ता म्हणाल्या ते माझ्या नोकरीसाठी म्हणाल्या. दोन्ही खोटं आहे.”

मग विठ्ठलराव उठले. शेत त्यांचं होतं आणि नाकात वास त्यांच्याही जात होता.

“बायनाबाई, जरा हिकडं या,” ते म्हणाले.

बायनाबाई मांडवामागे गेल्या. चपला काढल्या. तुकड्यातून आडव्या चालल्या, मग उभ्या. तीन ठिकाणी टाचेने दाबलं आणि एका ठिकाणी खाली वाकून मूठभर माती नाकाशी धरली. पाहुणे मांडवाच्या कडेला येऊन उभे राहिले होते.

“मालक, दुप्पट मेंढरं बसली का हितं?”

“सहाशे.”

“पहिल्या रातीलाच उचलायची व्हती. आता नांगरून पलटी मारा आन् पानी सोडा. पाऊस बरा झाला तर निभंल, न्हाईतर जवारी जळंल.” हे सांगताना त्यांच्या आवाजात ना टोमणा होता ना आनंद. रान बिघडलं याचं वाईट वाटल्याचं मात्र दिसत होतं.

विठ्ठलराव सरांकडे वळले. “साहेब, पोस्टरावरचं परमान किती मेंढराचं हाय?”

सरांनी पोस्टरकडे पाहिलं. पोस्टरवर ते स्वतःही होते, डावीकडून तिसरे. त्यांनी सुकन्याकडे पाहिलं, नेहमी पाहायचे तसं, आकडा आठवला नाही की.

“तज्ज्ञांना विचारा सर,” सुकन्या म्हणाली.

विठ्ठलराव बायनाबाईंजवळ गेले. मग सगळ्यांच्या देखत, पण सगळ्यांकडे पाठ करून त्यांनी विचारलं, “मेंढरं कुठं हायेत तुमची?”

“सडकंला हायेत, मालक.”

“आजच हिरीवर आना.”

बायनाबाईंनी पदराने पाय पुसले, चपला घातल्या आणि मुलाला निरोप धाडायला सुनेचा मोबाइल शोधू लागल्या. शालीची आठवण कुणालाच राहिली नाही. निघताना सुकन्याने निळी वही त्यांच्या हातात दिली. “ही तुमची आहे मावशी. कुणालाही देऊ नका.” त्यांना वाचता येत नव्हतं, तरी त्यांनी ती प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मेंढरांच्या औषधांबरोबर घोड्यावरच्या गाठोड्यात ठेवली.

*

तीस एप्रिलला सुकन्याचं कंत्राट संपलं. तिला कुणी रागावलं नाही, नोटीस दिली नाही. ‘समितीच्या कामामुळे नूतनीकरणाची फाइल मागे पडली’ एवढाच निरोप आला. आप्पांनी बस स्टँडवर जायचं कमी केलं.

जूनअखेर समितीचा अहवाल केंद्राच्या संकेतस्थळावर आला. सुकन्याने घरी बसून मोबाइलवर वाचला. केंद्राला वरची श्रेणी मिळाली होती. त्रेसष्टाव्या पानावर नांदूरघाटचा उल्लेख होता: ‘लाभार्थी महिलेने केंद्राकडून मिळालेल्या प्रशिक्षणाचे शेतात आत्मविश्वासपूर्ण प्रात्यक्षिक करून दाखविले.’ त्याखाली तक्ता होता. एकूण लाभार्थी, एक हजार एकशे एक. आहेराच्या पाकिटावर घालतात तसला आकडा. अकराशे तर तिला तोंडपाठ होते. हा वरचा एक कोण, म्हणून तिने बोटाने पान वर सरकवलं, तर शेजारी तिचाच फोटो होता. ‘लाभार्थी’ लिहिलेल्या खुर्चीत बसलेली, माइक हातात धरलेली. ‘उच्चशिक्षित ग्रामीण युवती. आधीची स्थिती: शास्त्रीय माहितीचा अभाव.’ शिकवणाऱ्याच्या रकान्यात केंद्राचं नाव होतं.

ती आधी हसली. मग मोबाइल चौरंगावर आपटला, पुन्हा उचलला, काच फुटली नाही ना पाहिलं आणि अंगणात जाऊन उभी राहिली. एवढी मोठी जागा, एवढे शिकलेले लोक, आणि खरं सांगितलं तरी ते त्याचं लोणचं घालून बरणीत भरून ठेवतात, याची तिला आतून चीड आली.

आठवड्याभराने डॉ. शिवशंकर सरांचा फोन आला. आवाज गोड होता.

“सुकन्या, कशी आहेस? एक छोटं काम होतं. कोष्टकाची आपण केंद्राच्या नावाने रीतसर नोंदणी करतोय. ऑनलाइन अर्ज आहे. मूळ नोंदवही जोडल्याशिवाय तो पुढे जात नाही. ती निळी वही तुझ्याकडे राहिलीय बहुतेक.”

“माझ्याकडे नाही सर. तज्ज्ञांकडे आहे.”

“कुठल्या तज्ज्ञांकडे?”

“त्या अर्जात शोधकर्त्याच्या नावाचा रकाना असेल ना सर? लाल चांदणीचा?”

“आहे.”

“त्यात बायनाबाईंचं नाव भरा. भरलं की मला पान दाखवा, मग वाघर सध्या कुठं आहे ते सांगते.”

सुकन्याने फोन ठेवला नाही. ती पायरीवर बसून उत्तराची वाट पाहत राहिली. तिला आता कुठल्याच कार्यालयाच्या वेळेची घाई नव्हती.